बोलत्या अंगावरचे टाके

"पटणार नाही कोणाला. मलाच पटलं नसतं, पण मी तिथे होतो," असं म्हणत काका शिंप्याच्या दुकानात शिरले आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर ऐसपैस बसले.

दुकानात शिंपी नव्हता. मशीनवर चादर टाकलेली होती. कापडं कापायच्या टेबलामागे शिंप्याची बायको बसली होती. शेजारचा न्हावी आपलं दुकान वाऱ्यावर सोडून, खांद्यावर टॉवेल तसाच ठेवून आला होता. आमदारबाईंचं सभागृहातलं भाषण दोघांनी तासाभरापूर्वी रेडिओवर शेवटपर्यंत ऐकलं होतं.

"भाषण आम्हीही ऐकलं, काका," न्हावी म्हणाला. "शब्द न् शब्द."

"रेडिओला डोळे असतात का रे? मी वर, प्रेक्षकांच्या सज्जात होतो. तिथून मंत्र्यांची टकलंसुद्धा दिसतात."

काकांच्या गोष्टींची गल्लीला सवय होती. तरुणपणी त्यांनी छत्री उघडून वाघ पळवला होता. पुढच्या वेळी सांगताना छत्री गळाली आणि नुसता खोकला उरला. पण आज त्यांना कोणी टोकलं नाही. या घरात आठवडाभर कोणी काही सांगायलाच आलं नव्हतं.

आठवड्यापूर्वी भरदुपारी आमदारबाई कोटाची बाही बसवून घ्यायला आल्या होत्या. त्यांना घाई होती, म्हणून शिंपीमास्तरांनी कोट अंगावरच शिवायला घेतला. अंगावर शिवताना मास्तरांचा एक नेम असे. गिऱ्हाइकाने दोऱ्याचा तुकडा दातांत धरायचा आणि शेवटची गाठ बसेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत. कोणी बोललंच तर मास्तर सुई काढून घेत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. बोललं की खांदा हलतो, असं ते म्हणत. बोललं की नशीब उसवतं, असं त्यांची आई म्हणे. सभागृह डोक्यावर घेणारी बाई इथे मात्र शाळकरी पोरीसारखी गप्प उभी होती.

तेवढ्यात परक्या मुलखातली माणसं हुडकणाऱ्या सरकारी खात्याची गाडी दाराशी लागली. मास्तर सरहद्दीपलीकडून आलेले. त्याला अर्धं आयुष्य लोटलं होतं, पण त्या माणसांनी त्यांना बोटातल्या अंगुस्तानासकट उचललं. जाता जाता मास्तरांनी बाईंकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. सवयीने असेल, नाहीतर भीतीने. बाईंनी दोरा थुंकून तोंड उघडलं तेव्हा गाडी वळणाआड गेली होती.

तेव्हापासून मास्तरांचा ठावठिकाणा नव्हता. असा माणूस आम्ही उचललाच नाही, असं खातं म्हणत होतं. त्यांची बायको दारोदार फिरली. हे परत कधी येतील, हे विचारायचं तिने सोडून दिलं होतं. आता ती एवढंच विचारायची, "आहेत की नाहीत?"

"बाई तोच कोट घालून उभी राहिली," काका सांगू लागले. "डावी बाही कच्च्या टाक्यांवर लोंबत होती. म्हणाली, 'तो माणूस नव्हताच म्हणता, तर माझी ही बाही कोणी टाचली? माझ्या डोळ्यांदेखत नेलंत त्याला. मी गप्प राहिले. आता राहणार नाही. ज्यांनी तुमचे कपडे शिवले, तुमच्या म्हाताऱ्या आयांना न्हाऊ घातलं, त्यांना पोत्यासारखं गाडीत कोंबता आणि वर याला कायदा म्हणता.'"

"ऐकलं हे," न्हावी म्हणाला. "पुढे बोला."

"पुढचं रेडिओवर नाही आलं." काकांनी आवाज उतरवला. "तिने बोलता बोलता हात उगारला. म्हटलं, गेली बाही. तर बाही आपसूक वर सरकली. खांद्यापाशी सुई चालत होती. हात दिसत नव्हता. अंगुस्तान तेवढं चमकत होतं. टाक्यामागून टाका. समोर मंत्र्यांच्या हातातलं पाणी हिंदकळलं. बाई बोलत राहिली, तो शिवत राहिला. भाषण संपायला आणि गाठ बसायला एकच गाठ पडली. दाताने दोरा तोडल्याचा आवाज वर सज्जापर्यंत आला. मी ओळखला ना. रोज ऐकायचो इथे बसून."

न्हाव्याने खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला, मयताच्या घरी टोपी काढावी तसा. आपण काय सांगून बसलो, ते काकांना तो टॉवेल पाहून कळलं.

"म्हणजे, माझं म्हणणं एवढंच, पोरी," ते चाचरत म्हणाले, "की तो आला होता. हातातलं काम अर्धं टाकणारा नव्हता तो."

मशीनवरच्या चादरीची कड वाऱ्याने जराशी उचलली गेली आणि पुन्हा बसली. तिघांनीही तिकडे पाहिलं.

"बाई बोलत होत्या तेव्हाच शिवत होते?" मास्तरांच्या बायकोने विचारलं.

"बोलत असतानाच. तुझ्या गळ्याची शपथ."

"त्यांच्या दातांत दोरा नव्हता?"

"दोरा धरून भाषण कसं ठोकेल ती?"

ती उठली. तिने मशीनवरची चादर ओढून काढली आणि घडी घालून बाजूला ठेवली.

"मग खोटं बोलताय तुम्ही, काका," ती म्हणाली, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "बोलत्या माणसाच्या अंगाला ह्यांनी मेल्यावरसुद्धा सुई लावली नसती. बाई बोलल्या, ते आम्ही कानांनी ऐकलं. म्हणजे हे तिथे आलेच नव्हते. म्हणजे अजून आहेत."