फाटकाबाहेरची हजेरी

"चिमाजी बाळा येळवंडे!" नंदकिशोरनं नाव पुकारलं आणि पटकन मान खाली घातली.

"हाजर हाय," गर्दीतून आवाज आला.

त्यानं मस्टरवर खूण केली. चिमाजीला जाऊन आज बावीस दिवस झाले होते.

भोसरीच्या त्या कारखान्यात रेल्वेच्या वाघिणींचे, म्हणजे मालडब्यांचे, सुटे भाग बनत. सदुसष्ट साल उजाडलं आणि सरकारनं खर्चाला कात्री लावली. वाघिणींच्या ऑर्डरी थांबल्या आणि दीडशे जणांना ले-ऑफ मिळाला. म्हणजे काम बंद, पगार अर्धा. त्या अर्ध्यासाठीही रोज सकाळी आठला फाटकाबाहेर उभं राहून हजेरी द्यायची. नसलेल्या कामावर वेळेवर यायचं! हा नियम ज्यानं काढला, त्याला स्वतःला कधी चालत यावं लागलं नसणार.

"सायेब, खर्च सरकारनं कमी करायचा आन् पोटं आमी बांधायची व्हय?" असं पहिल्याच दिवशी दत्तोबा फिटरनं विचारलं होतं.

"देशासाठी थोडी कळ काढा," कामगार अधिकारी अर्जुनराव म्हणाले आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

चिमाजी निघोज्याचा. दुसऱ्या आठवड्यात त्यानं सायकल विकली आणि पाच कोस चालत यायला लागला. एके दिवशी त्याला पाच मिनिटं उशीर झाला. तोवर नंदकिशोरनं मस्टरवर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची रेघ मारली होती.

"नंदूभाऊ, चालत आलोय वो. ल्ह्या की."

"रेघ मारली, चिमाजी. आता माझ्या हातात काही नाही."

खरं म्हणजे पेन अजून हातातच होतं. रेघेची शाईसुद्धा वाळली नव्हती. पण नंदकिशोरला नियमाचा भारी पुळका, आणि फाटकावरचा कारकून म्हणून थोडा तोराही होता. चिमाजी वळला. आल्या वाटेनं परत गेला.

दुसऱ्या दिवशी उशीर नको म्हणून तो अंधारातच घरातून निघाला. मोशीजवळ ट्रकनं त्याला उडवलं.

बातमी आठच्या आधीच फाटकावर पोचली होती. तरी सवयीनं नंदकिशोरच्या तोंडून ते नाव गेलंच. आणि ओ आली. बाकी सगळे नुसतं 'हजर' म्हणत. 'हाजर हाय' म्हणणारा चिमाजी एकटाच. नंदकिशोरची मान वर करायची छाती झाली नाही. त्यानं खूण केली.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. आवाज कधी डावीकडून यायचा, कधी पार मागून. कधी घोगरा, कधी बारीक. कुणीतरी ओ देतंय, एवढं त्यालाही कळत होतं. पण ते कळणं त्याच्या कामाचं नव्हतं. बघायला मान वर केली आणि समोर चिमाजीच उभा असला तर? सांगवीच्या घरी बायकोनं, चित्रानं, हाक मारली तरी आताशा तो एकदम ओ देत नसे. ओ द्यायचीच त्याला भीती बसली होती.

पगाराच्या दिवशी दत्तोबा चिमाजीचा पितळी बिल्ला घेऊन आला. नंदकिशोरनं न विचारता पाकीट पुढे केलं. ते निघोज्याला चिमाजीच्या बायकोकडे, यशोदाबाईकडे जाणार हे उघड होतं. चिमाजी गेल्याचं साहेबांपर्यंत पोचलं नव्हतं. हे त्यांना कळलं तर आपली नोकरी जाईल, पोलीसही दारात येतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण नावावर रेघ कशी मारायची? एका रेघेनं माणूस गेला होता.

मग बाविसाव्या दिवशी, शुक्रवारी, अर्जुनरावांनी त्याला बोलावलं.

"ऑफिसातले बारा जण उद्यापासून ले-ऑफवर. तुम्ही त्यात आहात. हजेरी यापुढे मी घेईन. लोक एकमेकांच्या नावानं ओ देतात म्हणे. कुणी सापडला तर दोघांचाही पगार बंद."

शनिवारी नंदकिशोर आयुष्यात पहिल्यांदा फाटकाबाहेर उभा राहिला. धुकं दाट होतं. सगळ्यांची डोकी मुंडाशांत आणि मफलरांत गुंडाळलेली. तो सगळ्यांत मागे, धिप्पाड दत्तोबाच्या आडोशाला थांबला. एका गोष्टीचा त्याला आतून धसका होता आणि ओढही होती. आज तो आवाज कुणाचा ते दिसणार होतं.

"चिमाजी बाळा येळवंडे!" अर्जुनरावांनी पुकारलं.

कुणी बोललं नाही.

नंदकिशोरनं इकडेतिकडे पाहिलं. सगळे पायाशी बघत होते. अर्जुनरावांनी पुन्हा नाव घेतलं आणि पेन मस्टरवर टेकवलं. नंदकिशोर बावीस दिवस ज्या आवाजाला भ्यायला होता, तोच आता यावा म्हणून त्याचा जीव कासावीस झाला. अजून का येत नाही? संपलं, यशोदाबाईची चूल आज विझली.

दत्तोबानं मागे न वळता हळूच म्हटलं, "रोज एकजण देतो, भाऊ. रांगेनं. न्हाई म्हनलात तरी आमी काय बोलनार न्हाई. पर आज पाळी तुमची."

अर्जुनराव नंदकिशोरचा आवाज चांगला ओळखत होते. ओ दिली आणि सापडला, तर घरात उरलेला अर्धा घासही जाणार होता. अर्जुनरावांनी रेघ मारायला पट्टी ठेवली.

नंदकिशोरनं मफलर तोंडावर ओढला.

"हाजर हाय."