बाईंची वही

नवसूने बंडीखाली लपवलेली वही काढून खळ्यात ठेवली आणि मागे सरला. शाळेच्या कपाटातून ती त्यानेच उचलली होती, पण आता तिला हात लावायचं धाडस त्यालाही होईना. दोनशे पानी वही, वर गाईचं चित्र. आत इंगळी असावी तशी सगळी वाडी चार हात लांब उभी होती.

"सांगा बाई, काय लिवता यात?" नवसूने विचारलं.

आरतीबाई शाळेतून धावतच आल्या होत्या. त्या मूळच्या सापगावच्या. अठ्ठ्याण्णव साली धसईच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीवर बदलून आल्या. रोज दुपारी शाळा सुटली की म्हाताऱ्या लखमाशेजारी बसायच्या आणि तो बोलेल ते लिहून घ्यायच्या.

"तुमची बोलीच लिहिते," त्या म्हणाल्या. "पहिलीच्या पोरांना पुस्तकातलं मराठी कळत नाही. आधी त्यांच्या बोलीत शिकवलं तर..."

"आमचीच बोली आमच्याच पोरांना शिकवायला सरकार पगार देतंय?" नवसू हसला नाही. "तीन वर्सांमागं एक साहेब आलता. त्यानं पण गोड बोलून लिवून घेतलं, कुठलं झाड कुठं, कुठलं पाणी कुठं. मंग ओढ्यापल्याड कुंपण आलं. लिवून घेतलं का जातं. आता बोली चालली."

लखमा मान खाली घालून बसला होता. बाईंच्या चहाला भुलला, असं त्याला सकाळपासून पाच जणांनी ऐकवून झालं होतं.

बाईंना संध्याकाळच्या एसटीने घालवून द्यायचं, हे ठरल्यात जमा होतं. त्या गेल्या की शाळेला कुलूप लागणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त वहीत काय आहे ते एकदा कोणीतरी वाचून दाखवायला हवं होतं, आणि बाईंनी वाचलेल्यावर कोणाचा भरवसा नव्हता.

वाडीतल्या सुंदराचा मुलगा हरेश सुटीला आलेला, ते बरं झालं. सहाव्या वर्षी तो नाशिकला वसतिगृहात गेला, इंग्रजी शाळेत शिकला आणि आता कॉलेजात होता. घडाघडा वाचणारा वाडीत दुसरा नव्हता. सुंदराने त्याला जपलंही तसंच. तो घरी आला की ती त्याच्याशी धसईच्या बाजारातलं मराठी बोलायची, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही तेच बोलायला लावायची. पोराच्या इंग्रजीला आपली बोली चिकटली तर तोही फिरून वीटभट्टीवरच जाईल, अशी तिला धास्ती होती.

हरेशने वही उघडली. दोन पानं उलटली. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अक्षरं मराठी आहेत, पण हे मराठी नाही," तो म्हणाला. "काहीतरी खुणेचं लिहिलंय."

खळ्यात कुजबुज उठली. बघा, मी म्हणत नव्हतो? बाई पुढे सरसावल्या, तसा नवसूने हात आडवा धरला.

"तुमी गप ऱ्हावा. वाच रे हरेश. मोठ्यानं. येक अक्षर गाळू नको."

हरेश वाचू लागला. तलाठ्याची नोटीस वाचावी तसा, एका सुरात. पहिल्या ओळीला लखमाने मान वर केली. तिसऱ्या ओळीला मागच्या बायकांतली कोणीतरी फिसकन हसली. खेकडीण पोराला पाठीवर बांधून भात झोडायला निघाली होती, आणि वाटेत मुंगूस तिला विचारत होतं, पोर कुणावर गेलंय गो? पुढची ओळ हरेशच्या आधी चार म्हाताऱ्याच म्हणून मोकळ्या झाल्या. बांधावरच्या झाडाला झोळी बांधून वाडीतली प्रत्येक आई हेच गाणं म्हणत आली होती. नवसूलाही हसू आवरेना, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. त्याची आई जाऊन तीन पावसाळे झाले होते.

हरेश वाचायचा थांबला. आपलं काही चुकलं असं त्याला वाटलं.

"हसताय कशाला?" त्याने विचारलं. "तुम्हाला कळतंय हे?"

हसू जागच्या जागी थांबलं. एकेक जण सुंदराकडे बघू लागला. याच गाण्यावर तिने त्याला झोळीत निजवलं होतं, आणि आज त्याच्याच तोंडून ते परक्याच्या कागदासारखं बाहेर पडलं होतं. पोराच्या आणि बोलीच्या मधे कुंपण कोणी घातलं ते तिला नवसूला विचारावं लागलं नाही.

ती उठली. हरेशच्या हातातून वही घेतली, तिच्यावरची खळ्याची माती पदराने पुसली आणि बाईंच्या पुढ्यात धरली.

"बाई, पहिलीत आणखी येक नाव घाला," ती म्हणाली. "हरेश."