देणगीदारांच्या भिंती

“नव्या स्टुडिओत माझी पाटी बाहेर नको, आत लावा,” चेकवर सही करण्याआधी गुंजाळशेठ म्हणाले.

कॉलेज रेडिओ चालवणाऱ्या ईशानीने मान डोलावली. जुनी खोली महिनाअखेर सोडायची होती. मग शेठजींपेक्षा आपली पाटी लहान कशी, म्हणून दुसरे देणगीदार डॉक्टरसाहेब यांनी दुप्पट मोठा संगमरवर पाठवला. माजी प्राचार्यांनी त्याहून मोठा, दिवंगत वडिलांच्या नावासकट. आवाज घुमू नये म्हणून आणलेल्या फोमला भिंतच उरली नाही.

उद्घाटनाला शेठजी बोलले आणि प्रत्येक शब्द संगमरवरावर आपटून परत आला.

“काका, पाट्या काढू द्या ना. असं घुमलं तर आमचा रेडिओ कोण ऐकणार?” ईशानी काकुळतीला आली.

“काढतेस कशाला?” शेठजी खुशीत होते. “माझं नाव तीनदा ऐकू आलं. फक्त त्या डॉक्टरचं एकदाच येईल, एवढं बघ.”