वरचा दात

"हा दात काढून टाका, बाई." रुखमाबाईंनी नातीचं तोंड उघडून धरलं. "माह्या पोराच्या जिवावर उठला हाये."

दातांच्या डॉक्टर शोभाताईंनी हसू आवरलं. खालचे दात यायच्या आधी वरचा आला की मामाला जड जातं, हे त्यांच्या घरीही बोलत. या पोरीला मामा एकच, गिरिधर. रुखमाबाईंना मुलगाही तेवढाच. परवा ऐंशी सालची भाऊबीज. मौद्याहून तो बहिणीकडे, म्हणजे पोरीची आई वच्छला हिच्याकडे यायचा होता. त्याच्या आत दात गेला पाहिजे, एवढंच म्हातारीला कळत होतं. सक्करदऱ्याच्या तळ्यावर बदकं दाखवून आणते, अशी थाप वच्छलेला मारून ती पोरीला घेऊन निघाली होती.

"अन् दात तरी कसा पाहा. खड्डा पडलेला, पिवळा. अवदसाच."

शोभाताईंनी बॅटरी मारली. दाताला खड्डा होता खरा. वरची हिरडी दबलेली होती आणि टाळूला खोल पन्हळ पडली होती.

"आजी, ही दिवस भरायच्या आत झाली का? तोंडातून नळी घातली होती?"

"सातव्यातच झाली. छातीच हालत नव्हती."

"मग ही त्या नळीची खूण. नळीनं हिरडी दाबली, आतला कोवळा दात दुखावला. अवदसा कसली? श्वासाचं यंत्र लावलं होतं?"

"यंत्र कुठचं, बाई? नळीले रबरी फुगा लावला अन् दाबत राहा म्हणे. थांबलं का पोर निळी पडे."

"दाबत कोण बसलं होतं?"

बोटं सुजली तरी फुगा न सोडणारा, 'माय, तू जाय घरी, मी हाये न' म्हणणारा गिरिधर रुखमाबाईंच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. काळजीपायी तेच नेमकं विसरायला झालं होतं. त्यांना रडू आलं. पोरीनं तेवढ्यात त्यांचं बोट करकचून चावलं.

शोभाताईंनी गमतीनं चिमटा उचलला. "मग, काढू?"

म्हातारीनं पदरानं आधी नातीची लाळ पुसली, मग स्वतःचे डोळे.

"राहू द्या. परवा गिरिधरलेच दाखवतो. त्याच्या हातानं आलेला दात त्याच्या जिवावर काहून उठन?"