शुक्रवारचा एक

"भावजी, यात मस्कत टाका," मालन म्हणाली.

गोविंदाची बोटं कीबोर्डवरच थांबली. वहिनीच्या सुक्या मासळीचं दुकान त्याने मोठ्या हौसेने इंटरनेटवर चढवलं होतं. परदेशातल्या आपल्या माणसाने शोधलं की आपल्या बाळकुम गावचे बोंबील त्याला सापडावेत, म्हणून शोधायच्या शब्दांत त्या त्या देशाचं नावही घालायचं, एवढं तो क्लासात शिकला होता. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड घालून झालं होतं.

"तिथून कोन मागवनार, वैनी?"

"हे हाएत ना तिथं."

मोठा भाऊ राघो वेल्डर म्हणून मस्कतला गेला, तो गेलाच. पहिलं वर्ष पत्रं आली, मग काही नाही. बारा वर्षं भरली तेव्हा घरच्यांनी गेल्या महिन्यात दर्भाचा पुतळा करून खाडीकाठी त्याला अग्नी दिला. तो मयत असल्याचा कागदही झाला, आणि त्याच्या सहीवाचून अडलेला घरामागच्या खालच्या शेताचा सौदा मग मार्गी लागला. हा कॉम्प्युटर त्यातूनच आलेला.

"दादाला आपन अग्नी दिला, वैनी."

"तुमी गवत जाललंत, भावजी. मानूस नाय."

गोविंदाने ओमान हा देश आणि मस्कत हे शहर, दोन्ही नावं टाकली.

त्या आठवड्यात कुठल्या देशातून, कुठल्या वारी किती जण दुकानात डोकावले, ते पानाखाली दिसायचं. महिन्याभराने एका शनिवारी त्याने पाहिलं. अमेरिका नऊ, ओमान एक. गोविंदाने तो आकडा पुन्हा वाचला. मग तो स्वतःलाच हसला. तिकडे आपली माणसं काय कमी आहेत?

पुढच्या शनिवारी पुन्हा ओमान एक. दोन्ही खेपांना वार शुक्रवार. शुक्रवारी इथे सुट्टी असते, असं राघोने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

मालन बाजारात गेलेली पाहून गोविंदाने दोन्ही नावं पुसून टाकली. सुटलो, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. दादाने त्याला खांद्यावर बसवून आता विकलेल्या त्याच शेतातून शाळेत नेलं होतं.

तिसऱ्या शनिवारी त्याने भीतभीतच पान उघडलं. ओमान एक. एकदा वाट सापडलेल्याला नावं कशाला लागतात? या वेळी मागणीचा फॉर्मही आला होता. नाव नाही, पत्ता नाही, मालही मागितलेला नाही. निरोपाच्या जागी इंग्रजी अक्षरांत एवढंच मराठी होतं: खालच्या शेतात यंदा भात लावला ना?

घरामागे बिल्डरचं मशीन पाया खणत होतं.

"कोनी काय मागवलं?" मालनने दारातून विचारलं.

"नाय," गोविंदा म्हणाला, आणि उठून त्याने शेताकडची खिडकी लावून घेतली.