दुसरी यादी

"मॅडम, मुलीला चौऱ्याऐंशी टक्के आहेत. एका टक्क्यासाठी प्रवेश नाकारू नका," प्रवेशाच्या खिडकीपलीकडून सर काकुळतीनं म्हणाले.

सरांनी तिला ओळखलं नाही. तिनं आवाजावरूनच ओळखलं. बारा वर्षांपूर्वी ती त्यांच्या खासगी शिकवणीला गेली नाही, म्हणून त्यांनी प्रात्यक्षिकात तीसपैकी अकरा गुण टेकवले. सरासरी घसरली, याच कॉलेजातला प्रवेश एका टक्क्यानं हुकला. ती रडत त्यांच्याकडे गेली, तेव्हा सर हसले होते.

"एका टक्क्यानं काय आभाळ कोसळतं, सर?" त्यांचंच तेव्हाचं वाक्य तिनं त्यांना परत केलं. सर पांढरेफटक पडले.

टेबलावर दुसरी यादी सही होऊन पडली होती. त्र्याऐंशीपर्यंत सगळ्यांना प्रवेश. तिनं ती खणात सारली. लावायची उद्याच होती. आजची रात्र तरी सरांनी तळमळून काढावी.