चार टेपांचं अंतर

"आता गाडी कोणती घेणार, ताई?" ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी लायसन्स तिच्या हातात ठेवत विचारलं.

"गाडी नाही घ्यायची. तुमचीच द्या अर्धा तास. मला एकटीला."

मास्तर हसले. बाई कपडे शिवणारी, घरात साधी सायकल नाही. नणंद तर तोंडावर म्हणाली होती, "गाडीचा पत्ता नाही आणि निघाल्या लायसन्स काढायला!" हौसेला मोल नसतं म्हणून मास्तरांनी शिकवलं. पण हिला वेड फक्त ब्रेकचं. गाडी थांबली की म्हणायची, "तुमचाही पाय होता. खरं सांगा." मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि सवयीने त्यांचा पाय पडायचाच. शेजारी कुणी नको असेल तर लायसन्स हवंच होतं.

चार वर्षांपूर्वी तिची सात वर्षांची मुलगी औषधाच्या दुकानासमोर गाडीखाली गेली. "वेग चाळीसचा होता. पोर सहा मीटरवर अचानक समोर आली. थांबणं शक्यच नव्हतं," असं गाडीवाल्याने कोर्टात सांगितलं आणि तो सुटला. तिचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्याला शिव्याशाप दिल्याशिवाय तिचा दिवस जात नसे. मशीनवर लहान मापाचा फ्रॉक आला की मुलगी पाठीशी येऊन उभी आहे असं वाटायचं. ती वळून बघायची नाही.

दुपारी रस्ता रिकामा होता. तिने दुकानासमोर चिंध्यांचं गाठोडं ठेवलं. दीड मीटरचा टेप चारदा टाकून अलीकडे खडूची रेघ मारली. मास्तरांना फुटपाथवर उभं केलं.

गाडी आली. काटा चाळीसवर. रेघेवर तिने जीव खाऊन ब्रेक दाबला. टायर किंचाळले. गाठोडं चाकाखाली गेलं.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर पाय आधीच ब्रेकवर नेऊन ठेवला होता. तरी गाठोडं चाकाखालीच.

मास्तर धावत आले. या दुकानासमोरचा तो अपघात त्यांनीही ऐकला होता; एव्हाना सगळं त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"ताई, एवढ्याशा अंतरात मलासुद्धा थांबवता आली नसती. कुणाचीच चूक नव्हती हो."

स्टिअरिंगवरची तिची बोटं सुटत नव्हती.

"तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, मास्तर," ती म्हणाली. "पर्समधली औषधाची चिठ्ठी काढायला तिचा हात मीच सोडला होता."